मत, वाण आणि मूठभर गहू

आमच्या ऑफिसचं दार वाऱ्याने आपटतं, म्हणून त्याला एक पुरस्कार टेकवून ठेवला आहे. जाड काचेचा, चांगला वजनदार. येणारे लोक तो उचलून वाचतात आणि दचकतात. "अहो, हा तर सर्वोत्तम गेमचा पुरस्कार! असा खाली काय ठेवलाय?" तोच तो. आमच्या सहा जणांच्या कंपनीला मिळालेला, लोकांनी भरघोस मतं देऊन मिळवून दिलेला. आणि तो आम्हाला मिळायला नको होता. हे मी स्टेजवर बोलले, त्यावरून ऑफिसात आणि आमच्या मराठी मंडळात पोटभर बोलणी खाल्ली, आता लिहूनही ठेवते आहे. ज्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या असतील त्यांच्या झोंबू देत.

मी निपाणीची. व्हिडिओ गेमसाठी आवाज तयार करणं हे माझं काम. ऑफिस बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात, घर मारतहळ्ळीत, आणि या दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर माझं निम्मं आयुष्य गेलेलं आहे. निपाणीत आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी होती. ती बंद करायचं ठरलं तेव्हा मी माइक घेऊन गेले आणि आठवडाभर तिथे नुसती बसून राहिले. ज्वारी पडताना खळखळते, बाजरी सरसरते, गहू जरा जड पडतो, हरभऱ्याची डाळ दगडाला धक्के देते. आप्पा दाराकडे पाठ करून बसायचे आणि कुणाच्या डब्यातून काय पडतंय ते न बघता सांगायचे. मी चुकले की हसायचे. "इतकी वर्षं या पिठावर वाढलीस, आणि कान कुठं गेले तुझे?"

त्या आवाजांवर आम्ही खेळ केला. तुम्ही गिरणीवाले. बायका डबे आणून ओळीने ठेवतात. डब्यात काय आहे ते आवाजावरून ओळखायचं आणि कुणानंतर कुणाचं दळायचं ते ठरवायचं. गव्हावर गहू घेतला तर सगळं ठीक. बाजरीवर कुणाचा गहू टाकलात, तर त्या गव्हाच्या पिठात काळपट झाक उतरते आणि पोळ्या बिघडतात. ज्या घरात गिरणीतून दळण येतं तिथे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तोवर आप्पा आमच्याकडे राहायला आले होते. नवरा आणि मी दिवसभर ऑफिसात, ते एकटे. मी त्यांच्या हातात टॅब दिला आणि खेळ सुरू करून दिला. संध्याकाळी आले तर ते चिडून बसलेले.

"बाजरीवर हिचा गहू टाकला मी मुद्दाम. आणि ही बाई गप डबा उचलून गेली? कुठल्या गावची म्हणायची ही?"

बरोबर होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी मी मंडळातल्या काकूंना गाठलं. काकू म्हणजे आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या कार्यवाह, जन्म आणि लग्न दोन्ही बेंगळुरूतच झालेल्या, तोंडाने फटकळ. त्यांना माइकसमोर उभं केलं आणि म्हटलं, तुमचा गहू बिघडलाय, आता बोला. काकू न थांबता बोलत राहिल्या. मराठीतून कन्नडमध्ये गेल्या, परत आल्या, गिरणीवाल्याच्या खानदानापर्यंत पोचल्या. खेळात ते सगळं घेतलं, आणि पुढे ज्याने ज्याने खेळ खेळला त्याला काकूंची बोलणीच आवडली.

आप्पांची दुसरी तक्रार मात्र मी ऐकली नाही. बाजरीचं दळण संपलं की ते आपल्या पोत्यातला मूठभर गहू आधी दगडात सोडायचे. खाचांत अडकलेली बाजरी तो गहू बरोबर घेऊन बाहेर पडायचा. ते पीठ वेगळ्या टोपलीत, गाईसाठी. मग गिऱ्हाइकाचा डबा. कुणी मागत नव्हतं, कुणी बघतही नव्हतं, पण रोज चालायचं. "मूठ कुठाय?" आप्पांनी टॅब माझ्यासमोर धरून विचारलं. मी ऑफिसात सांगितलं. आमचे साहेब मला अक्का म्हणतात आणि माझं ऐकून घेतात, पण म्हणाले, "अक्का, मूठ टाकून दगड साफ होणार असेल तर क्रम चुकायची भीती कुणाला राहील? शिवाय त्याचे गुण नाहीत, उगाच वेळ जाणार. सोडा." मी सोडलं. आप्पांना म्हटलं, पुढच्या वेळी बघू. ते "सरी", म्हणजे ठीक, म्हणाले आणि पुन्हा विषय काढला नाही.

मग पुरस्काराची बातमी आली. देशातल्या लहान कंपन्यांच्या खेळांतून परीक्षकांनी पाच निवडले होते आणि त्या पाचांत आमची गिरणी होती. त्या दिवशी ऑफिसात कुणी काम केलं नाही. पण पहिला कोण हे परीक्षक ठरवणार नव्हते, लोक ठरवणार होते. फोन नंबर टाका, ओटीपी टाका, पाच चित्रांपैकी एकावर बोट ठेवा. तुम्ही खेळ खेळलात का, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

साहेबांनी बैठक घेतली. पाचांतल्या एका खेळामागे यूट्यूबवर आरडाओरडा करणारा एक गाजलेला माणूस होता, त्याचे चाहते ढिगाने. "आपल्यामागे कोण आहे?" साहेबांनी विचारलं. आणि मी, याच तोंडाने, म्हटलं, "आमचं मंडळ आहे."

संक्रांतीचे दिवस होते, रथसप्तमी अजून यायची होती. मंडळाचं हळदीकुंकू एका सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. काकू तयारीतच होत्या, त्यांचा आवाज होता ना खेळात. त्यांनी वाणाला पिठाच्या चाळण्या आणल्या होत्या आणि टेबलाशी उभं राहून स्वतःच एक नियम काढला होता: आधी मत, मग वाण.

"स्वल्प थांब गं. फोन काढ. आलं का ते ओटीपी? ते गिरणीचं चित्र दिसतंय बघ, त्याच्यावर दाब. सरी. आता घे चाळणी."

नव्याने पुण्याहून आलेली एक जण चाळणी घेताना मला म्हणाली, "अ‍ॅक्च्युअली मी गेम्स अजिबात खेळत नाही, पण व्होट केलंय हं! नवऱ्याच्या फोनवरून पण केलं. स्क्रीनशॉट पाठवू?" मी म्हटलं, पाठव. दुसरीने विचारलं, "तुमचं ते गिरणीचं अ‍ॅप आहे ना, घरपोच पीठ देणारं?" मी हसले आणि तिलाही लिंक पाठवली. हळदीकुंकवाला आलेल्या एकीनेही खेळ कसा आहे असं विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही कुणी विचारायला नको होतं. हाताला कुंकू, समोर तिळाची वडी आणि मतं पडतायत, एवढ्यावर मी खूश होते. माझं स्वतःचं मत तर पहिल्याच दिवशी आमच्या खेळाला देऊन झालं होतं. बाकीचे चार मी उघडलेही नव्हते.

मतदान संपायला तीन दिवस असताना, रविवारी सकाळी, मी ते उघडले. तीन जेमतेम बरे होते. चौथा होता रेल्वे फाटकाचा. इथल्याच येलहंक्याच्या एका मुलीने एकटीने केलेला.

त्यात तुम्ही फाटकावरची बाई. घंटा वाजली की फाटक पाडायचं, गाडी गेली की उचलायचं. बस. अडकलेले लोक आपापसांत बोलतात आणि त्यांच्या बोलण्याचे तुकडे तुमच्या कानावर येतात. एक माणूस रोज उशीर होतो म्हणून तुमच्यावर ओरडतो. चौथ्या दिवशी तो येत नाही. गाडी जाते, फाटक उचलायची वेळ होते, आणि माझा हात थांबला. त्या माणसासाठी मी रस्त्याकडे बघत राहिले, असं करा म्हणून कुणी सांगितलेलं नसताना. शेवटी शेजारी उड्डाणपूल होतो. खाली आता कुणी थांबत नाही, पण घंटा वाजतच राहते. मी प्रत्येक वेळी फाटक पाडलं. आवाज तिने साध्या फोनवर घेतलेले असावेत, मागे सगळीकडे खरखर होती. माझ्याकडचे महागडे माइक मला त्या वेळी आठवले आणि लाज वाटली. आमचा खेळ चांगला होता. हा कितीतरी जास्त चांगला होता.

आप्पांना मी एवढंच म्हटलं, हाही खेळून बघा. ते म्हणाले, "यादीत पाच हायत न्हवं? मग पाचही बघतो." दोन दुपारी ते टॅबवर होते. मतदानाच्या शेवटच्या दिवशी चपला घालता घालता मी विचारलं, "आप्पा, दिलंत का मत?" ते म्हणाले, "दिलं." झालं तर, म्हणून मी निघाले.

समारंभ एका हॉटेलात होता, दुपारचा. आमचं नाव पुकारलं तेव्हा साहेबांनी मला मिठीच मारली. स्टेजवर जाताना तिसऱ्या रांगेत ती येलहंक्याची मुलगी दिसली, निळ्या स्वेटरमध्ये, मनापासून टाळ्या वाजवत. काच हातात आली. साहेब बोलले, मग माइक माझ्याकडे आला. दोन वाक्यांचे आभार ठरले होते. मी म्हटलं की या पाचांत सगळ्यात चांगला खेळ फाटकाचा आहे. आम्हाला मतं पडली ती ओळखीची पडली. ज्यांनी ती दिली त्यांतल्या बहुतेकांनी आमचा खेळ पाहिलेला नाही, बाकीचे चार तर नाहीच. मी स्वतः माझं मत बाकीचे चार न उघडता दिलं. आणि अशा मतांतून जो जिंकतो तो फक्त जास्त नातेवाईक असलेला माणूस असतो.

हॉलमध्ये कुणीतरी एक शिट्टी मारली. साहेबांचा चेहरा उतरला होता. खाली आल्यावर ते माझ्याशी कन्नडमध्ये बोलले, हळू आवाजात, आणि त्यात अक्का हा शब्द नव्हता.

चहाच्या टेबलाशी ती मुलगी आली. मला वाटलं, आभार मानेल. ती कन्नडमध्ये बोलली, मी मराठीत सांगते.

"तुम्ही माझा खेळ कधी खेळलात?"

"मतदान संपायच्या आधी तीन दिवस."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत कुणाला?"

तिने चहा घेतला, कपाच्या कडेवरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता सगळे तुमच्या भाषणाबद्दल बोलणार. माझ्या खेळाबद्दल नाही." आणि गेली. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. तरीही मी बोलले ते बोलले, त्याबद्दल माफी मागणार नाही. उशिरा बोलले, एवढी चूक पदरात घेते.

मंडळाच्या ग्रुपवर तोवर आग लागली होती. कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. काकूंचा फोन आला. "आम्ही काय गाढव म्हणून मतं दिली का गं? आपली पोरगी म्हणून दिली. आणि तू चारचौघांत आमची अब्रू काढलीस!"

मी म्हटलं, "काकू, तुम्ही भाजी घेताना काय करता? वांगं दाबून बघता, भेंडीचं टोक मोडून बघता. आपला गाववाला विकतोय म्हणून किडकं वांगं घेता का?"

"तुझा खेळ किडका आहे का?"

"नाही. पण तुम्ही दाबून कुठे बघितला?"

काकूंनी फोन ठेवला. दोन महिने बोलल्या नाहीत.

यावरून परीक्षकांची बाजू घेणाऱ्यांनी आनंदून जाऊ नये. एकदा एका कॉलेजच्या स्पर्धेला मीही परीक्षक होते. आम्ही तिघे होतो. त्यातल्या एकाने खेळ न उघडता चित्रं बघून गुण दिले आणि जेवायला सगळ्यांत आधी गेला. तेव्हा हे शहाण्यांचं आणि अडाण्यांचं भांडण नाही. लोकांना काय कळतं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण माझ्या घरात एक माणूस आहे, त्याने सत्तरीपर्यंत असला खेळ हातात धरला नव्हता, आणि त्याला माझ्या अख्ख्या कंपनीपेक्षा जास्त कळतं. लोकांनी मतं द्यावीत. आधी खेळावं आणि मग द्यावीत. एवढं मागणं जर मतदारांचा अपमान असेल, तर तो मी पुन्हा करीन.

समारंभाच्या त्याच संध्याकाळी मी काच घेऊन घरी आले. आप्पा गॅलरीत बसले होते. मी काच त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. स्टेजवर काय बोलले, मुलगी काय म्हणाली, काकू काय म्हणाल्या. मला त्यांच्याकडून काय हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. पोरी, बरोबर बोललीस, आणि तरी तुझा खेळ मला सगळ्यांत प्यारा, असं हवं होतं. खरं बोलल्याचं श्रेयही हवं होतं आणि लाडही हवे होते.

आप्पा काच उलटीपालटी करत म्हणाले, "बरोबर बोललीस. मी पण त्या फाटकालाच दिलं."

दुपारीच भरल्या हॉलमध्ये मी स्वतःच सांगून आले होते की तो खेळ आमच्यापेक्षा चांगला आहे. पण ते मी सांगणं वेगळं, आणि ज्यांच्या गिरणीचा आवाज त्यात आहे त्यांनी सांगणं वेगळं. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू कुठं विचारलंस? दिलं का, एवढंच विचारलंस."

"त्याच्यात काय आहे जे माझ्यात नाही?"

आप्पांनी काच जपून खाली ठेवली. "ती घंटा वाजती, कोण न्हाई खाली, तरी ती बाई फाटक पाडती. कोण बघत न्हाई तरी. तुझ्या गिरणीत मूठ न्हाई."

आवाज अजिबात चढलेला नव्हता. दिवसभरात मला एवढं झोंबलेलं दुसरं काही नव्हतं.

सोमवारी मी साहेबांसमोर उभी राहिले. ते माझ्यावर अजून घुश्शातच होते. मी म्हटलं, खेळात मूठ घालायची आहे. ते म्हणाले, पुरस्कार मिळालेला खेळ कशाला उघडायचा आता? मी म्हटलं, आता तर उघडायलाच हवा. आमची चांगलीच जुंपली. शेवटी ते म्हणाले, करा काय ते, पण तुमच्या वेळात. मी माझ्या वेळात केलं. प्रोग्रामिंग करणाऱ्या सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत मदत केली. कोपऱ्यात एक लहान पोतं ठेवलं, गिरणीवाल्याच्या स्वतःच्या गव्हाचं. बाजरीनंतर त्यातून मूठ टाकता येते. त्याचे गुण मिळत नाहीत, कुणी शाबासकी देत नाही, आणि न टाकता नुसता क्रम सांभाळूनही खेळ जिंकता येतो. मुठीचा आवाज काही केल्या जमेना. मग आप्पांना ऑफिसात नेलं, परातीत गहू ओतला, आणि त्यांनी मूठ सोडली. तोच घेतला.

काकू परत बोलू लागल्या त्याला कारण आप्पाच. त्यांनी काकूंना टॅबवर फाटक खेळायला बसवलं. काकू मधे एकदा डोळे पुसून मला म्हणाल्या, "सगळं सरी आहे गं, पण लोक फार गप गप बोलतात. मला बोलावलं असतं तर." या वर्षीच्या हळदीकुंकवाला टेबलावर पाच टॅब होते, पुरस्काराच्या नव्या यादीतल्या पाच खेळांचे. नियम काकूंनीच बदलला: आधी खेळ, मग मत, मग वाण. निम्म्या बायका कुरकुरल्या, काही वाण न घेताच निघून गेल्या. ज्या बसल्या त्यांची त्या पाचांवरून चांगलीच भांडणं झाली. यादीत आमचा खेळ नव्हता, तरी मला त्या भांडणात मजा आली.

मूठ घातलेला खेळ तयार झाला त्या दिवशी मी टॅब आप्पांच्या हातात दिला होता आणि समोर बसून राहिले होते. त्यांनी एक बाजरीचा डबा दळला. पोत्याकडे बघितलं. मूठ टाकली, पीठ टोपलीत जाऊ दिलं, मग पुढच्या बाईचा गहू घेतला. खेळातल्या काकू काही बोलल्या नाहीत, डबा उचलून गेल्या. आप्पा तासभर खेळले. या वेळी मी नीट विचारलं.

"आता कुणाला देणार मत?"

"फाटकालाच," आप्पा म्हणाले. मग टॅब मांडीवर ठेवून चष्मा काढला आणि पुसत बसले. "पण या खेपेला जरा थांबावं लागलं."

काच दाराशी आहे. मला मिळालेलं मत म्हणजे आप्पांचं हे थांबणं.